बिनआवाजाचा मार

क्वांग त्येशान डुक्कर कापायला बसला की सगळ्या बाजाराला कळायचं. डुकराची किंकाळी एकीकडे आणि ह्याचा आवाज एकीकडे, आणि दोन्हींत ह्याचाच वरचढ. पाय धरणाऱ्या गड्याला तो म्हणायचा, "घट्ट धर की रे, बायकोचे पाय दाबतोयस का?" आणि सुरा गळ्यात असा जायचा की रक्ताची धार बरोबर पातेल्यात पडे, एक थेंब बाहेर नाही. हात मोठे, पंजा उघडला तर ताटाएवढा. त्या हाताची बाजाराला भीती होती. श्ये घराण्यातला धाकटा भाऊ एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, हा मांसात पाणी मारून वजन वाढवतो. त्येशानने सुऱ्याची पाठ त्याच्या तोंडावर आडवी हाणली. तेव्हापासून त्या माणसाचा जबडा एका अंगाला गेला तो गेलाच, शब्दही तिरके बाहेर पडायला लागले.

घरात मात्र त्येशानचा नियम उलटा होता. घरात मार मिळायचा तो बिनआवाजाचा. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याने बायकोला, त्सुईश्यांगला, बजावून ठेवलं होतं, "गल्लीला ऐकू गेलं तर आणखी खाशील." ती तोंडात टॉवेल धरायची. मुलगी यूथाओ चालायला लागली तशी तीही शिकली, तिला कोणी शिकवावं लागलं नाही. त्या घरातून बाहेर काही यायचंच नाही. फार कान दिला तर धप्प, मग श्वास, मग पुन्हा धप्प. त्येशानच्या बापानेही त्याला असंच वाढवलं होतं, आणि त्यात काही वेगळं करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्सुईश्यांग क्वानयिन मातेची भक्त. खाटकाच्या घरात राहूनही अमावस्या-पुनवेला ती वेगळ्या कढईत पाला शिजवून खायची, आणि रोज सकाळी मातेपुढे उदबत्ती लावायची. क्वानयिन म्हणजे जगाचं रडणं ऐकणारी. न फुटलेला हुंदकाही मातेला ऐकू येतो, असा त्सुईश्यांगचा भरवसा होता, आणि त्या भरवशावरच ती दिवस काढत होती.

यूथाओ नववीला गेली. त्या वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा. तिच्यावर ठरतं की पोर तालुक्याच्या चांगल्या शाळेत जाणार की कारखान्यात बूट चिकटवायला जाणार. इंग्रजीच्या पेपरात आधी ऐकण्याचा भाग असतो. भिंतीवरच्या कर्ण्यातून दोन परकी माणसं बोलतात, आणि त्यांचं बोलणं ऐकून उत्तरं लिहायची. मग वाचनाचे उतारे. आमच्याकडची पोरं परका शब्द तोंडात बसवायला त्याला घरच्या शब्दांचा सदरा घालतात. 'यस'चं होतं 'ये-स्स', आणि आमच्या बोलीत त्याचा अर्थ, आजा मेला. 'बस'चं होतं 'बा-स्स', म्हणजे बा मेला. 'स्कूल'चं 'स्स-ग्वांग', म्हणजे सगळे मेले. शाळेत ह्यावर पोरं हसून हसून बाकाखाली जातात. शब्द मात्र पाठ होतो, जन्मात विसरत नाही.

त्या हिवाळ्यात त्येशानचा बाप वारला. सुतकाचे सात आठवडे अजून संपायचे होते, दारावरचा पांढरा कागद तसाच होता. एका संध्याकाळी त्येशान भाताची दारू पिऊन घरी आला. आतल्या खोलीतून मुलीचा आवाज येत होता, ठेक्यात, मंत्र म्हटल्यासारखा.

"ये-स्स, ये-स्स. बा-स्स, बा-स्स. स्स-ग्वांग."

त्येशान दारातच थांबला. आजा मेला, आजा मेला. बा मेला, बा मेला. सगळे मेले. बापाची राख अजून गार व्हायची होती आणि पोटची पोर दिवा लावून पुढच्याचा नंबर लावत होती.

तो आत गेला. यूथाओ वळली आणि हसली, कारण तिला वाटलं बाबा ऐकायला आले. ताटाएवढा पंजा तिच्या डाव्या कानावर बसला. ती पलंगाच्या कडेवर आपटली आणि खाली पडली. ओरडली नाही. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली.

"कुणाला मारतेस गं? बापाला?" तो दात खाऊन, हळू आवाजात म्हणाला, आणि पायानेही दोन घातल्या. त्सुईश्यांग मध्ये पडली तर तिलाही.  मग त्सुईश्यांगने मुलीच्या कानात तिळाच्या तेलात बुडवलेला कापूस घातला आणि मातेपुढे बसून राहिली.

कान काही सुधारला नाही.

वसंतात एक दिवस शाळेच्या यान बाई बाजारात आल्या. बाई बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकाशी, पण जीभ लांब. त्येशानच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

"क्वांगभाऊ, पाव किलो कलेजी द्या आणि पाव घटका कान द्या."

"कलेजी आहे. कान संपले सकाळीच."

"तुमच्या मुलीचाही एक संपलाय, माहीत आहे का?"

त्येशानचा सुरा थांबला. बाई म्हणाल्या, "सराव परीक्षेत वाचनात ती वर्गात पहिली. ऐकण्यात मागून पहिली. मला वाटलं लक्ष नाही. काल तिच्या डाव्या बाजूला उभी राहून मी म्हटलं, थाओ, तुझ्या वेणीत पाल आहे. हलली नाही पोरगी."

"मग दोन लावा. ऐकेल."

"दोन आधीच लागल्यात, असं दिसतंय."

बाजूचा टोफूवाला फिस्सकन हसला आणि त्येशानने बघितल्यावर गोगलगायीसारखा आकसला. बाईंनी आवाज उतरवला. कशावरून मारलंत, असं विचारलं. त्येशानने सांगितलं, ताठ मानेने. पोर बापाच्या मरणाचा जप करत होती, सुतकात.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "बा-स्स म्हणजे गाडी हो, भाऊ. रस्त्यावरची, माणसं नेते ती. परक्या भाषेत तिला तसंच म्हणतात. आणि ये-स्स म्हणजे नुसतं 'हो'. मीच सांगितलं होतं, घरी मोठ्याने म्हणा, कान तयार होतो."

"मग तिने तेव्हा का नाही सांगितलं?"

"तिला सांगू दिलंत?"

त्येशानने कलेजी पानात बांधली. गाठ बसेना. बाईंनी वाट सांगितली. तालुक्याच्या इस्पितळातून दाखला आणायचा. कान अधू असला तर ऐकण्याचा भाग माफ होतो, वाचनाच्या गुणांवरून तेवढे गुण धरले जातात. वाचन तर पोरीचं सोनं आहे, बेडा पार.

"दाखल्यावर काय लिहितात?"

"पडदा फाटलाय, असं. कशाने, ते विचारतील."

"नाही," त्येशान म्हणाला. "माझी पोर बहिरी नाही. बहिरी म्हणून शिक्का बसला तर उद्या कोण नेणार तिला? आणि डॉक्टर माझ्याकडे बघणार. एक कान आहे ना? त्या कानाला ऐकू येईल एवढी शांतता मी करून देतो."

"शांतता, आणि तुम्ही," बाई म्हणाल्या आणि कलेजी घेऊन गेल्या.

पण त्येशानने ते मनावर घेतलं. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, धाक दाखवता येत होता. तोच त्याने कामाला लावला. परीक्षेच्या वेळी गाड्यांचे भोंगे, फटाके, सगळं बंद असतंच, सरकार कागद चिकटवतं. पण सरकारचा कागद पुढच्या रस्त्याला. शाळेच्या मागची गल्ली कोणाच्या हिशोबात नसते, आणि यूथाओची परीक्षेची खोली मागच्याच बाजूला आली होती, खिडकीलगतचं बाक. त्येशान गल्लीतल्या सुताराकडे गेला आणि करवतीचं पातंच काढून घेऊन आला. भिंतीला लागून एका म्हातारीचे पाळलेले हंस होते, माणूस दिसला की गळा काढणारे. त्येशान म्हणाला, "आजी, त्या सकाळी हे दुसरीकडे ने."

"माझे हंस सरकारचं ऐकत नाहीत, तुझं काय ऐकतील?" म्हातारी म्हणाली.

आदल्या दिवशी त्येशान कुंपणात शिरला. एकेकाची मान धरली आणि पिळली. पंखांची फडफड, पिसं तोंडात, एकाने मनगटाचा लचका तोडला. शेवटचा हंस पळायला लागला तर त्याला भिंतीवर आपटलं. मग म्हातारीच्या दारात डुकराची अख्खी मांडी टाकली आणि चालू लागला. म्हातारी मागून शिव्या घालत होती. "घाल," तो म्हणाला, "आज घाल. उद्या सकाळी घालू नकोस."

परीक्षेच्या सकाळी त्सुईश्यांग मातेपुढून उठलीच नाही. त्येशानने कमरेला सुरा खोवला आणि मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. ऊन चढत होतं. खिडक्या उघड्या होत्या. सगळं गप्प, बेडूकसुद्धा. घंटा झाली, आणि आत कर्णा खरखरला.

तेवढ्यात डोंगराकडच्या वळणावर सनई वाजली.

श्ये घराण्याचा म्हातारा दोन दिवसांपूर्वी गेला होता. मुहूर्त काढणाऱ्या गुरवाने प्रेत हलवायची वेळ हीच दिली होती आणि स्मशानाची वाट ह्याच गल्लीतून. पुढे मेलेल्याच्या वाटखर्चाच्या कागदी नोटा उधळणारा, मग सनईवाले आणि झांजा, मग बांबूंवर प्रेताची पेटी, मागे तागाच्या पांढऱ्या कपड्यांत सगळं घराणं. थोरला श्ये पुढे होता. त्याच्या शेजारी धाकटा, वाकड्या जबड्याचा.

त्येशान धावत जाऊन आडवा झाला. सुरा उपसला, सनईवाल्याच्या नळीवर टेकवला. सनई थांबली. झांजा एक एक करून थांबल्या.

"वाट सोड, क्वांग," थोरला म्हणाला. "आज बापाला नेतोय. भांडायला उद्या ये."

"आत ऐकण्याचा पेपर चाललाय. तेवढं संपू दे. मग वाजव, फोड, काय हवं ते कर."

"मुहूर्त टळला तर माझा बाप अडकून पडेल, त्याचं काय?"

त्येशानने गुरवाकडे पाहिलं. गुरव सुऱ्याकडे बघत घाईने म्हणाला, "घटका अजून आहे. तशी पुष्कळ आहे."

त्येशानने सुरा खाली केला आणि हात जोडले. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे बघा, ह्याचे हात जुळतात." दोघे-तिघे हसले, प्रेताच्या मागे असूनही. धाकटा पुढे आला. त्याचे शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळत होते, पण सगळ्यांना समजले.

"थांबवू की सनई, दादा. का नाही? पण फुकट नको. हा जोवर गप्प, तोवर सनई गप्प. आपण आपलं काम करू. ह्याच्या तोंडून नुसतं हूं निघालं, की वाजवा."

थोरल्याने खांदे उडवले. आतून, कर्ण्यातून, एका बाईचा आवाज येत होता, परका, शांत, कोणालाही घाई नसल्यासारखा. त्येशानने सुरा जमिनीवर ठेवला आणि पायाने दूर सारला.

"तोंडावर मारू नका," तो म्हणाला. "चुकून आवाज निघायचा."

पेटीखालचे जादा बांबू होते, ते घेतले. पहिला पाठीवर बसला, दुसरा गुडघ्याच्या मागे. तो भिंतीशी कोसळला. श्येंची पोरं जबड्याचा सूड काढायला वर्षानुवर्षं थांबली होती आणि आता त्यांना थांबायचं कारण नव्हतं. बांबू बरगडीवर पडला तेव्हा आत काहीतरी काडीसारखं मोडलं. तोंडातून आवाज निघणार तोच त्याने गळ्यातला कातडी एप्रन वर ओढला आणि दातांत धरला. त्याला डुकराच्या जुन्या रक्ताचा वास आला, आणि त्या वासातच त्याला टॉवेल आठवला, दोरीवर नेहमी वाळत असलेला, मधोमध चावून चावून विरलेला. आजवर त्याला वाटायचं तो उंदरांनी कुरतडलाय.

धाकट्याने बुटाची टाच त्याच्या उजव्या पंजावर ठेवली आणि सगळं वजन टाकून फिरवली. बोटं आवाज करून गेली. माणसाने केला नाही. पांढऱ्या तागावर लाल ठिपके उडत होते. मारणारे धापा टाकत होते, तेही आवाज न करता. करार दोन्ही बाजूंनी पाळला जात होता. पेटी धरलेले लोक खांदा बदलत उभे होते आणि दुसरीकडे बघत होते. वरून, खिडकीतून, आता एक पुरुष आणि एक बाई बोलत होती. तो काही विचारत होता, ती सांगत होती. त्येशानला त्यातलं अक्षर समजत नव्हतं, पण ऐकण्याशिवाय त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. आणि मध्येच, त्या सगळ्या गडबडगुंड्यातून, एक शब्द त्याला ओळखू आला. बस. ती बाई स्पष्ट म्हणाली, बस. म्हणजे गाडी. माणसं नेते ती. पुढचा बांबू डोक्यावर आला आणि त्याला थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

कर्णा बंद झाला. थोरला श्ये म्हणाला, "पुरे." सनई एकदम फुटली, झांजा सुरू झाल्या, फटाक्यांची माळ लागली, आणि प्रेत त्याच्या अंगावरून, जवळजवळ पायांना घासून, पुढे गेलं. नोटा उधळणारा जाताना एक मूठ त्याच्यावरही टाकून गेला.

पेपर सुटला तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. सुताराने पाणी मारून त्याचं तोंड धुतलं होतं, आणि त्सुईश्यांगला बोलावून आणलं होतं. ती त्याचा पंजा पुढ्यात बांधलेल्या फडक्यात गुंडाळत होती. यूथाओ मागच्या दाराने धावत आली. आधी आईकडे गेली. तिचे दंड, मान, तोंड, सगळं चाचपून पाहिलं. मग बापाकडे बघितलं.

"ऐकू आलं?" त्येशानने विचारलं. शब्दांबरोबर रक्ताचा बुडबुडा आला. "सनई थांबवली होती मी."

"सुरुवातीचं आलं," यूथाओ म्हणाली. "मग खिडकीखाली कोणीतरी मार खायला लागलं."

"आवाज कुठे होता?" तो म्हणाला. "हूं केलं नाही मी."

"म्हणून तर कळलं. धप्प, मग श्वास. असं फक्त आपल्याच घरात मारतात. मला वाटलं आई आहे. तुम्ही तिला इथवर आणून मारताय."

त्येशानने तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं.

"मग कर्णा काय बोलला ते मला माहीत नाही. मी आईचा श्वास ऐकत होते, चालू आहे की नाही."

"मी होतो, थाओ."

यूथाओने उजवा कान त्याच्याकडे केला होता, म्हणजे तिला नीट ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "हे माहीत असतं तर पेपर लिहिला असता."

तेव्हा त्सुईश्यांग रडली. गल्लीत, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. त्या घरातून इतक्या वर्षांत असा आवाज कोणी ऐकला नव्हता. लोक दारांत आले. त्येशानने सवयीने "गप्प" म्हणायला तोंड उघडलं, पण ती गप्प झाली नाही, आणि त्याच्याने हातही उचलवत नव्हता.

निकालात ऐकण्याचे गुण निम्मे गेलेले. वाचनाचे जवळजवळ सगळे. यान बाईंनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवले. तालुक्याची पहिली शाळा थोडक्यात हुकली. वाचनाने सावरून धरलं म्हणून दुसरी मिळाली, डोंगरापलीकडची, राहून शिकायची. दाखला आणला असता तर पहिली मिळाली असती, हे त्येशानला कळत होतं. ते त्याला कोणी ऐकवलं नाही.

त्यानंतर त्याने कधी हात उचलला नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा उचलला, डावा, कारण उजव्याने आता सुराही धरवत नाही. त्सुईश्यांगने टॉवेलकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं आणि ओरडली, असं की टोफूवाला हातातली काठी घेऊनच आला, मागून सुतार, मागून हंसांची म्हातारी. हात हवेत होता तो खाली आला. क्वानयिन मातेने ऐकलं की गल्लीने, त्सुईश्यांग ह्यात फरक करत नाही.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी यूथाओला सोडायला तो नाक्यावर गेला. तिने नको म्हटलं होतं. गादीची वळकटी त्याने डाव्या खांद्यावर घेतली होती. लांब वळणावर धूळ दिसली, मग निळा पत्रा.

त्येशान म्हणाला, "बा-स्स आली."

यूथाओने त्याच्याकडे पाहिलं. हसली नाही. "तोंड एवढं उघडायचं नाही," ती म्हणाली. "शेवटी नुसता वारा सोडायचा. बस."

"बा-स्स," तो पुन्हा म्हणाला. त्याला तेवढंच येत होतं.

तिने वळकटी घेतली आणि चढली. आत बरीच बाकं रिकामी होती. ती अशा बाजूला बसली की खिडकीकडे तिचा डावा कान आला. त्येशान खिडकीखाली जाऊन बोलला. तीन-चार वाक्यं, आयुष्यात कोणाशी बोलला नव्हता अशी. गाडीचं इंजिन चालू होतं, आणि ती समोर बघत होती. तिला ऐकू आलं नाही, की आलं, हे त्याला कळलं नाही. गाडी निघून गेली.